ब्रिटिश शिकारी काडतुसं: शेवयांसारखी दारू, पाच तोळ्यांची गोळी आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा विषय निघाला की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच बसून लिहून काढलंय. माझं वेड सुरू झालं ते एका नातेवाइकांच्या टेबलावरून. तिथे पितळेची एक रिकामी पुंगळी उभी असायची आणि त्यात पेन खोचलेलं. उंची तीन इंच, बुडाची कड रुपयाच्या नाण्याहून किंचित लहान, आणि कडेवर .५७७ असं ठोकलेलं. मला वाटायचं ही कुठल्या तरी तोफेची असणार. तर ती चक्क खांद्यावरून झाडायच्या रायफलीची निघाली.

हे .४५०, .४७०, .३७५ म्हणजे नक्की काय?

नळीचा व्यास, इंचात. .४५० म्हणजे ०.४५० इंच, साधारण साडेअकरा मिलिमीटर. इथपर्यंत सोपं आहे, पुढे घोळ. नळीच्या आत पीळदार खाचा असतात, त्यामुळे व्यास दोन ठिकाणी मोजता येतो, खाचांच्या मधल्या उंचवट्यांवर किंवा खाचांच्या तळाशी. ब्रिटिश कंपन्यांनी आपापल्या मर्जीने कधी हा आकडा घेतला कधी तो, आणि कधी तर जो कानाला बरा वाटला तो. .४७० ची गोळी प्रत्यक्षात .४७४ च्या आसपास भरते, .४०४ ची चक्क .४२० च्या वर जाते. आणि .२७५ रिग्बी म्हणजे दुसरंतिसरं काही नसून जर्मन ७ मिलिमीटर माउझर, फक्त रिग्बी या ब्रिटिश कंपनीचं साहेबी नाव लावलेलं. म्हणून निव्वळ नावावरून गोळीचं माप ठरवायला जाऊ नका.

दोन आकडे असतील तर, उदाहरणार्थ .४५०/४००, पहिला आकडा मूळ पुंगळीचा आणि दुसरा तिचं तोंड आवळून केलेल्या नव्या मापाचा.

मग बारा बोअरमधला बारा कुठून आला?

एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोल गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बरोब्बर बसेल ती बारा बोअर. म्हणजे आकडा जितका लहान तितकी नळी मोठी. आठ बोअरची गोळी दोन औंसांची, चार बोअरची पाव पौंडाची, आपल्या हिशोबात पावणेदहा तोळ्यांच्या आसपास! १९व्या शतकात सिलोन आणि आफ्रिकेत हत्तीच्या मागे जाणारे लोक हेच वापरायचे, कारण जुन्या, धूर करणाऱ्या काळ्या दारूने गोळीला फार वेग देता येत नाही आणि मऊ शिसं हाडावर आपटून चपटं होतं, मग वजन वाढवणे हा एकच मार्ग उरतो. इंग्रज शिकारी सॅम्युअल बेकरकडे तर अर्ध्या पौंडाचा गोळा उडवणारी बंदूक होती, तिला त्याच्या माणसांनी अरबीत तोफेचं पोर असं नाव पाडलं होतं. बेकर दांडगा माणूस, तरी ती उडवायला तो स्वतःच कचरायचा.

"एक्स्प्रेस" हे नाव का? रेल्वेशी काही संबंध?

हो, थेट रेल्वेशीच. १८५६ च्या सुमारास लंडनच्या जेम्स पर्डी यांनी हलकी गोळी आणि भरपूर दारू अशा रायफली काढल्या आणि वेगाची जाहिरात म्हणून "एक्स्प्रेस ट्रेन" नाव दिलं. त्या काळात आगगाडी ही जगातली सगळ्यात वेगवान गोष्ट, आज कोणी रॉकेट म्हणेल तसं. लोकांनी ट्रेन गाळली, एक्स्प्रेस ठेवलं. पुढे बिनधुराची दारू आली तेव्हा तिच्यातल्या नायट्रोग्लिसरीनवरून पुढे "नायट्रो" जोडला आणि झालं नायट्रो एक्स्प्रेस. काळ्या दारूच्या एक्स्प्रेस रायफली वाघ-हरणाला ठीक होत्या, पण गव्यासारख्या जाड जनावरात ती हलकी गोळी वरवरच फुटून जायची.

कॉर्डाइट म्हणजे काय?

१८८९ साली फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर यांनी ब्रिटिश सरकारसाठी बनवलेली बिनधुराची दारू. ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन (स्फोटक बनवलेला कापूस) आणि ५ टक्के व्हॅसलिनसारखी जेली. सगळ्याचा लगदा करून सोऱ्यातून शेवया पाडाव्यात तशा लांब दोऱ्या पाडायच्या, म्हणूनच नाव कॉर्डाइट, कॉर्ड म्हणजे दोरी. (अल्फ्रेड नोबेलने हे आपल्या बॅलिस्टाइटची नक्कल आहे म्हणून कोर्टात केस केली आणि १८९५ मध्ये हरला.)

आता गंमत बघा, शेवया आवळलेल्या तोंडातून आत घालता येत नाहीत. म्हणून कारखान्यात आधी सरळ पुंगळीत कॉर्डाइटची जुडी उभी ठेवायची, आणि मग दारू आत असतानाच तोंड आवळायचं. जुन्या ब्रिटिश काडतुसांचे खांदे (पुंगळी जिथे तोंडाकडे आवळत जाते तो भाग) उतरते असतात त्यामागे हेही एक कारण आहे. फार कडक खांदा पाडायचा तर पितळ जास्त वळवावं लागतं, आणि आत भरलेली दारू असताना ते उद्योग कोण करणार.

आणि धूर. काळ्या दारूचा बार काढला की समोर पांढरा ढग, जखमी जनावर उजवीकडे गेलं का डावीकडे का सरळ अंगावर येतंय काही कळायचं नाही. कॉर्डाइटने हा प्रश्न एका झटक्यात मिटला.

पुंगळ्या एवढ्या लांबच लांब कशासाठी? उगाच दिखावा?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण बहुतेकांना वाटतं साहेबाला मोठं दिसायला आवडायचं म्हणून. तसं नाहीये. ही काडतुसं लंडन-बर्मिंगहॅमला बनायची पण वापरली जायची नागपूरच्या उन्हाळ्यात नाहीतर सुदानमध्ये. कॉर्डाइटचा स्वभाव असा की ते तापलं की जास्त जोरात जळतं. इंग्लंडच्या गारठ्यात तपासलेलं काडतूस मे महिन्यात मचाणावर चार तास उन्हात राहिलं की त्याचा दाब बराच चढतो. दाब चढला की पितळ फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटतं. अशा वेळी रायफल उघडायला जावं तर पुंगळी बाहेर यायला तयार नाही, आणि वीस पावलांवर जखमी रेडा. त्यातून दुनाळी रायफलीत पुंगळी ओढून काढायची ताकद फारच थोडी, बोल्टच्या (दांडा मागेपुढे करून काडतूस चढवायच्या) रायफलीत निदान बोल्टचा दांडा पिळून जोर तरी लावता येतो.

यावर उपाय काय? पुंगळी मोठी ठेवा, दारूला ऐसपैस जागा द्या, म्हणजे दाब मुळातच कमी राहील आणि उन्हाने चढला तरी हाताबाहेर जाणार नाही. त्या काळच्या मोजणीने यातल्या बऱ्याच काडतुसांचा दाब चौरस इंचाला १४ ते १७ टन असायचा, आजच्या मॅग्नम काडतुसांपेक्षा कितीतरी कमी. शिवाय पुंगळी बुडाकडून तोंडाकडे किंचित निमुळती, म्हणजे एकदा जरा हलली की सुटलीच, आणि बुडाला रुंद कड, म्हणजे ओढणाऱ्या आकड्याला पकड मिळते. कमी दाब, निमुळतेपणा, रुंद कड. तिन्ही गोष्टींचं कारण एकच, ऊन.

खरं उदाहरण घ्या. जॉन रिग्बी कंपनीने १८९८ मध्ये .४५० नायट्रो एक्स्प्रेस आणलं, पुंगळी सव्वातीन इंच, गोळी ४८० ग्रेन, वेग सेकंदाला २१५० फूट. १९५६ मध्ये अमेरिकेच्या विंचेस्टरने तेवढीच ताकद .४५८ मध्ये फक्त अडीच इंची पुंगळीत कोंबायचा घाट घातला. कागदावर जमलं. पण सुरुवातीच्या काही वर्षांत दाबून भरलेली दारू पुंगळीत गोळा होऊन बसायची, बार फुसका निघायचा आणि आफ्रिकेतले व्यावसायिक शिकारी शिव्या घालायचे. सव्वातीन इंचात मोकळी जागा उगाच सोडली नव्हती.

ग्रेन म्हणजे किती? ग्रॅम का नाही लिहीत?

७००० ग्रेन म्हणजे एक पौंड. आपल्याकडे एक जास्त सोपा हिशोब आहे. इंग्रजांनी १८३३ मध्ये तोळा ठरवला तो बरोब्बर १८० ग्रेनचा. त्यामुळे .६०० नायट्रो एक्स्प्रेसची ९०० ग्रेनची गोळी म्हणजे पुरे पाच तोळे! सराफाकडे पाच तोळ्यांचा ऐवज हातात घेऊन बघा आणि तो सेकंदाला १९५० फुटांनी सुटतोय अशी कल्पना करा.

भारतात .४५० वर बंदी का आली?

सरकारला बंडाची भीती. फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली .४५० बोअरच्या, आणि त्या भरपूर संख्येने इकडेतिकडे पसरलेल्या. शिकारीच्या नावाखाली आणलेला .४५० चा दारूगोळा त्या रायफलींसाठी वळवला जाईल, म्हणून १९०७ च्या सुमारास भारतात आणि सुदानमध्ये हा बोअर खाजगी लोकांना बंद केला. सव्वातीन इंची नायट्रोचं काडतूस मार्टिनीत शिरत नाही हे सरकारलाही माहीत असणार, पण गोळ्या काढून पुन्हा भरता येतात ना.

बंदूकवाल्यांचं मोठं गिऱ्हाईक भारतातच, राजेरजवाडे, आर्मी ऑफिसर, जंगल खात्याचे साहेब. मग काय, नियमातून निसटायला प्रत्येकाने आपापला आकडा काढला. हॉलंड अँड हॉलंडचं .४६५, जोसेफ लँगचं .४७०, जेफरीचं .४७५ नंबर दोन, वेस्टली रिचर्ड्सचं .४७६. ताकद बघाल तर सगळी जवळजवळ सारखीच! पाच हजार फूट-पौंडाच्या आसपास. एकाच भाजीला पाच हॉटेलांनी पाच नावं द्यावीत तसला प्रकार. एका सरकारी हुकुमामुळे लंडनमध्ये अख्खी एक पिढी काडतुसांची जन्माला आली, आणि आज संग्राहक त्यांच्या बारीकसारीक फरकांवर तासन्तास भांडतात.

त्यातलं .४७० च का टिकलं?

लँगने ते स्वतःपुरतं ठेवलं नाही. बाकीच्यांनी आपलं माप आपल्याच दुकानात ठेवलं, .४७० मात्र कोणीही बनवू शकत होतं, त्यामुळे रायफली जास्त, म्हणून काडतुसं सगळीकडे मिळायची, म्हणून अजून रायफली. मेमरी कार्ड आणि चार्जर यांच्या भानगडीत आपण हेच पाहिलंय.

एवढी महाग दुनाळीच का घ्यायचे?

दुसरा बार तयार असतो म्हणून. दोन नळ्या, दोन चाप, आत दोन वेगवेगळी यंत्रणा, एक बिघडली तर दुसरी आहे. बोल्ट मागेपुढे करायचा खडखडाट नाही, आणि लांबीला आटोपशीर असल्यामुळे दाट झाडीत लवकर खांद्याला लागते.

महाग का, तर नळ्या जुळवण्यामुळे. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एका ठिकाणी पडायला हव्यात, पण उजवा बार काढला की रायफल उजवीकडे उसळते आणि डावा काढला की डावीकडे, तेही गोळी नळीत असतानाच. म्हणून नळ्या समांतर न ठेवता पुढच्या बाजूला किंचित एकमेकींकडे वळवतात. किती वळवायच्या हे गणिताने सुटत नाही. कारागीर बार काढतो, कागदावर भोकं बघतो, तोंडाजवळची डाक (सोल्डर) वितळवून मधली पाचर केसभर सरकवतो, परत डाक देतो, परत बार काढतो, आणि दोन्ही नळ्यांची भोकं जवळ येईपर्यंत हेच चालू. हे सगळं एकाच विशिष्ट काडतुसासाठी. गोळीचं वजन किंवा वेग बदलला की जुळणी गेली. म्हणून अशा रायफलीवर कुठली दारू किती आणि गोळी किती ग्रेनची हे कोरलेलं असतं.

ज्यांना दुनाळी परवडत नव्हती त्यांनी काय केलं?

जर्मन माउझरचा बोल्ट वापरला. रिग्बी काही वर्षं माउझरचे ब्रिटनमधले एजंट होते आणि त्यांच्याच मागणीवरून माउझरने मोठ्या काडतुसासाठी लांब बोल्टची रायफल बनवली. त्यातून पुढे १९११ चं .४१६ रिग्बी, गोळी ४१० ग्रेन, वेग २३७० फूट. जेफरीचं .४०४ त्याच्याही आधीचं. मॅगझिनमध्ये, म्हणजे रायफलीतल्या काडतुसांच्या खणात, काडतुसं एकावर एक बसतात तेव्हा रुंद कड एकमेकींत अडकते, म्हणून ही बिनकडेची केली.

माझ्या मते सगळ्यात हुशार डिझाइन १९१२ चं .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम. प्रत्येक काडतूस नळीत कुठेतरी अडायला हवं, नाहीतर ते पुढे सरकतं आणि टोपीवर (बुडातल्या पेट घेणाऱ्या भागावर) ठोका नीट बसत नाही. कडेचं काडतूस कडेवर अडतं, बिनकडेचं खांद्यावर. .३७५ चा खांदा मात्र इतका उतरता की पडक्या खांद्यावरून झोळी घसरावी तसं होईल. मग हॉलंडने बुडाजवळ पितळेचाच एक पट्टा ठेवला, काडतूस त्या पट्ट्यावर अडतं. झालं, मॅगझिनमध्ये सुरळीत चढतं, उन्हात सुटून येतं आणि जागेवरही पक्कं बसतं. पुढे अमेरिकनांनी .३०० विंचेस्टर मॅग्नम, ७ मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नम वगैरे काढली त्यात हाच पट्टा घेतला, गरज नसतानाही. खांदे कडक झाले होते तरी पट्टा तसाच, कारण पट्टा म्हणजे मॅग्नम असं लोकांच्या डोक्यात बसलं होतं.

हॉलंड कंपनी १८३५ साली सुरू करणारे हॅरिस हॉलंड मूळचे तंबाखूचे व्यापारी, हे सहज जाता जाता.

सॉलिड आणि सॉफ्ट काय असतं? डमडम ते हेच का?

सॉलिड म्हणजे शिशावर धातूचं पूर्ण कवच, आकार न बदलता खोल जाणारी, हत्ती-गेंड्यासाठी. सॉफ्ट म्हणजे टोकाला शिसं उघडं, आत शिरली की फुलते, वाघ-सिंहासाठी. डमडम हे कलकत्त्याजवळच्या कारखान्याचं नाव, तिथे १८९० च्या दशकात फौजेच्या .३०३ साठी अशी फुलणारी गोळी बनली. १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात तिच्यावर बंदी आली, शिकारीला ती बंदी लागू नव्हती.

भारतात हत्ती मारायला बंदी होती असं ऐकलं, मग ही काडतुसं इथे कशाला?

बरोबर ऐकलंत, १८७९ चा हत्ती संरक्षण कायदा होता. पिसाळलेला म्हणून सरकारने जाहीर केलेला हत्ती सोडला तर मोठ्या बोअरचं इथलं काम म्हणजे गवा, रानम्हैस आणि वाघ. वाघाला खरं तर एवढं लागत नाही, .४५०/४०० भरपूर होतं. पण संस्थानिकांचा थाट वेगळाच होता. कोल्हापूरचा न्यू पॅलेस पाहिलाय ना, तिथलं शस्त्रांचं आणि पेंढा भरलेल्या जनावरांचं दालन बघितलं की त्या काळचा नाद कळतो. तेव्हाच कोकणातला शेतकरी मात्र ठासणीची बंदूक घेऊन रानडुकरं हाकलत होता, एकाच काळात दोन शतकं.

नरभक्षक वाघांचे शिकारी जिम कॉर्बेट यांच्याकडे कुठली होती?

१९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या वेळी .५०० ची, कॉर्डाइटवाली. बरोबर काडतुसं फक्त तीन. ती संपली आणि शेवटचा बार तहसीलदारांच्या जुनाट छऱ्याच्या बंदुकीतून काढावा लागला. या कामगिरीबद्दल त्यांना .२७५ रिग्बी भेट मिळाली, आणि १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या त्यांनी तिनेच मारला. त्यांच्याकडे जेफरीची .४५०/४०० दुनाळीही होती.

आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेलने तर याच .२७५ ने शेकडो हत्ती मारले. पण त्यावरून मोठ्या बोअरची गरज नव्हती असं काढू नका. हत्तीची कवटी आतून कशी असते याचा बेलने बसून अभ्यास केला होता, आणि त्याचा हातही अफाट स्थिर होता. इतरांसाठी .४७० होतं.

सगळ्यात मोठं कुठलं?

बराच काळ जेफरीचं .६००, रायफलीचं वजन सात किलोच्या पुढे. पहिल्या महायुद्धात जर्मन नेमबाज पोलादी ढालीआडून गोळ्या झाडायचे, त्या ढाली फोडायला ब्रिटिशांनी असल्या शिकारी रायफली खंदकात नेल्या होत्या. हॉलंडने शेवटची .६०० म्हणून एक विकली आणि मग एका गिऱ्हाइकाला तसलीच हवी झाली. शब्द तर दिलेला, मग १९८८ मध्ये .७०० काढलं, गोळी १००० ग्रेन. शोभेची वस्तू, दुसरं काही नाही.

मग हे सगळं संपलं कशाने?

साम्राज्य गेलं तशी गिऱ्हाइकं गेली. बर्मिंगहॅमची कायनॉक कंपनी जवळपास सगळ्यांची काडतुसं बनवायची, तिने १९६० च्या दशकात मोठे बोअर हळूहळू बंद केले आणि लाखमोलाच्या दुनाळ्या कपाटात पडून राहिल्या. १९९० च्या दशकात कायनॉक नावाने उत्पादन पुन्हा सुरू झालं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने विषयच मिटला. .४१६ रिग्बीचा वंश मात्र वेगळ्याच ठिकाणी चालू आहे, लष्करी स्नायपर वापरतात ते .३३८ लापुआ मॅग्नम त्याच्याच पुंगळीवरून निघालंय.

वाड्यात आजोबांची जुनी एक्स्प्रेस रायफल सापडली, उडवून बघू का?

अजिबात नको. आधी लायसन्स आहे का आणि कोणाच्या नावावर आहे ते बघा, मालक वारले असतील तर पोलीस स्टेशनला कळवून जमा करणं किंवा वारसाच्या नावावर करून घेणं हे पहिलं काम. दुसरं, नळीवरचे शिक्के. .५०० किंवा .५७७ लिहिलंय म्हणजे नायट्रोची असेलच असं नाही. काळ्या दारूच्या रायफलीत त्याच लांबीचं नायट्रोचं काडतूस आरामात बसतं, कुठेही अडत नाही, आणि चाप ओढल्यावर नळी फाटते. मधल्या काळात जुन्या रायफलींसाठी "नायट्रो फॉर ब्लॅक" म्हणून बेताच्या दाबाची काडतुसं मिळायची, ती वेगळीच, पण बाहेरून बघाल तर सगळी सारखी. पाकिटाशिवाय सुटी पडलेली जुनी काडतुसं असतील तर ती रायफलीबरोबरच पोलिसांकडे द्या.